एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क कसं लावावं: बडोद्यातल्या एका समन्वयकाच्या वहीतून

समाजकार्याच्या पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू) वर्गातले विद्यार्थी शिकता शिकता संस्थांत जाऊन काम करतात, ते फील्डवर्क. कोणी कुठे जायचं हे समन्वयक ठरवतो. नव्या समन्वयकाच्या हातात पहिल्या दिवशी एक यादी पडते. चाळीस विद्यार्थी, अठरा संस्था, प्रत्येक संस्थेपुढे एक फोन नंबर. निम्मे नंबर लागतच नाहीत. लागले तर पलीकडून उत्तर येतं, "ते बेन तर गेल्या दिवाळीत सोडून गेल्या." मी हे काम घेतलं तेव्हा माझ्याही हातात अशीच यादी होती. पहिली दोन वर्षं मी संस्था मोजत राहिले, इथे तीन बसतील, तिथे दोन बसतील. तिसऱ्या वर्षी मोजणी बदलली. आता मी आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यासाठी काढू शकेल अशी माणसं मोजते. तो आकडा संस्थांच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान निघतो.

पुढचं सगळं समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला धरून लिहिलंय. पण यूजीसीच्या २०२४ च्या सूचनांनंतर चौथ्या सेमिस्टरपुढे ६० ते १२० तासांची इंटर्नशिप पदवीच्या वर्गांनाही आली आहे. त्यामुळे बीए-बीकॉमच्या प्राध्यापकांवरही हे काम येऊन पडलंय. त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी कॅलेंडर

मे महिन्यात, संस्थांना फोन करण्याआधी, मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेते. आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे आठवड्यातले दोन दिवस फील्डवर, म्हणजे साधारण १५ तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर ३० दिवस, २२५ तास. हे कागदावर. बडोद्यात पहिल्या सेमिस्टरमध्ये पाऊस, जन्माष्टमी, गणपती, नवरात्र आणि दिवाळीची लांब सुट्टी येते. सहा दिवस सहज जातात आणि हातात उरतात १८० तास. विद्यापीठाला २२५ दाखवायचे असतील तर उरलेले ४५ कुठून भरणार हे जूनमध्येच ठरवावं. ग्रामीण शिबिर, एखादा शनिवार, नाहीतर सेमिस्टर संपल्यावर सलग आठवडा. नोव्हेंबरमध्ये पोरांना खोट्या हजेऱ्या भरायला लावण्यापेक्षा हे बरं.

दोन दिवस कोणते, हा प्रश्न बहुतेक कॉलेजांत वर्गखोल्या रिकाम्या कधी असतात यावरून सुटतो. तो संस्थांच्या वारांवरून सोडवावा. गुजरातमध्ये ममता दिवस बुधवारी असतो. अंगणवाडीत लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, बाळांचं वजन, आशाबेन, नर्सबेन, तेडागर (अंगणवाडीतली मदतनीस), सगळं त्या दिवशी एका खोलीत बघायला मिळतं. आरोग्य किंवा आयसीडीएसमध्ये, म्हणजे अंगणवाड्या चालवणाऱ्या बालविकास योजनेत, विद्यार्थी द्यायचे आणि फील्डचे दिवस गुरुवार-शुक्रवार ठेवायचे, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव बघायला जाण्यासारखं. मी बुधवार सोडत नाही. त्यासाठी एकदा टाइमटेबलवाल्या सरांशी महिनाभर अबोला सोसला आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला होळी लक्षात ठेवा. कडिया नाक्यावर, म्हणजे रोजंदारीच्या कामासाठी मजूर जमतात त्या चौकात, उभे राहणारे बांधकाम मजूर मुख्यतः दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूरकडचे. होळीला ते गावी जातात आणि नाका ओस पडतो. मजुरांच्या वस्तीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या आठवड्यात गटसभा ठेवली तर समोर कुत्रं बसलेलं असेल. हे त्याला आधी सांगायचं की त्याचं त्याला कळू द्यायचं, यावर माझं मत दरवर्षी बदलतं.

संस्था पाहायला स्वतः जा

फोनवर संस्था ठरवू नका. ईमेलवर तर मुळीच नाही. स्वतः जा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. वेळ घेऊनच जा, पण अर्धा तास आधी पोचा आणि बाहेरच्या बाकावर बसा. लोक येतात का, आलेल्याशी कोण बोलतं, कसं बोलतं, फोन कोण उचलतं, हे सगळं त्या अर्ध्या तासात दिसतं. आत गेल्यावर वार्षिक अहवाल हातात देतात, त्यात यातलं काहीच नसतं.

आत बसल्यावर पहिला प्रश्न "किती विद्यार्थी घ्याल?" हा नको. त्याला उत्तर मिळतं, "द्या ना पाच-सहा." मी विचारते, "तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी माझी विद्यार्थिनी इथे काय करत असेल?" ज्याला उत्तर देता येतं त्याने विद्यार्थी नीट सांभाळलेले असतात. ज्याला येत नाही तो संचालक असतो आणि खरं काम करणारी बाई शेजारच्या खोलीत असते. तिला भेटायला मागा. विद्यार्थी तीच सांभाळणार आहे. एकदा अशाच एका कार्यकर्तीनं मला तोंडावर विचारलं होतं, "बेन, आ छोकरीने हुं शुं काम आपुं? मारी पासे तो पोतानो टाइम नथी." (या मुलीला मी काय काम देऊ? माझ्यापाशी माझ्यासाठीच वेळ नाही.) माझ्यासाठी ती भेट सगळ्यात उपयोगी ठरली. वेळ नाही हे तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मग आम्ही एकच विद्यार्थिनी दिली, आणि तासभराची बैठक दर शुक्रवारी कामाआधी, साडेनऊला ठेवली. ती दोन वर्षं चालली.

बाकीच्या प्रश्नांची माझी वही अशी आहे. देखरेख करणारी व्यक्ती समाजकार्य शिकलेली आहे का, नसेल तर या कामात किती वर्षं आहे? महिन्यातले किती दिवस ती बाहेरगावी असते? ती सुट्टीवर गेली तर कोण? विद्यार्थ्याला बसायला खुर्ची कुठे? मुलींसाठी वापरता येण्याजोगं शौचालय आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला मलाही पहिल्या वर्षी संकोच वाटला होता. मग कळलं की दोन मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या.

एका माणसाकडे दोन विद्यार्थी, फार तर तीन. पाच दिले तर ते एकमेकांशीच गप्पा मारतात.

आणि एक ताकीद. मोठी पाटी, एसी ऑफिस, मोठमोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधी, हे बघून भुलू नका. अशाच एका ठिकाणी आमची मुलगी तीन महिने एक्सेलमध्ये लाभार्थ्यांचे आधार नंबर भरत होती. रिपोर्टमध्ये ती लिहायची, "आज डेटा व्यवस्थापन शिकले." मी ते वाचून सही करत राहिले. तिची चूक मुळीच नव्हती. माझी होती, आणि थोडी त्या संस्थेचीही, पण संस्थेला निदान फुकट टायपिस्ट तरी मिळाली.

परवानग्या वेळ खातात. सरकारी दवाखान्यात अधीक्षकांकडून लेखी परवानगी लागते. सयाजी हॉस्पिटल असो की कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय, पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागतोच. महापालिकेच्या शाळांसाठी नगर प्राथमिक शिक्षण समिती, अंगणवाड्यांसाठी आयसीडीएसचं कार्यालय, बालगृहांसाठी जिल्हा बाल संरक्षण एकक आणि बालकल्याण समिती. ही पत्रं जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली तर जुलैअखेर विद्यार्थी आत जातो. जुलैत पाठवली तर गणपतीपर्यंत पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर.

कोणाला कुठे

यादी लावणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. रोल नंबरप्रमाणे वाटप केलं की भांडण होत नाही, पण शिक्षणही होत नाही. मी प्रत्येकाकडून एक पानाचा फॉर्म भरून घेते आणि मग प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलते. चाळीस जण म्हणजे सात तास. दोन दिवसांत होतं.

फॉर्ममध्ये भाषेचा प्रश्न अगदी वर असतो. गुजराती येते का, एवढ्यावर थांबत नाही. "घरात आजीशी कोणत्या भाषेत बोलता?" हे विचारते. बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी मुलांना गुजराती आईच्या दुधाइतकीच येते, त्यांची चिंता नाही. धुळे-नंदुरबारकडून आलेल्यांना पहिल्या दिवाळीपर्यंत शब्द अडतात. एका वर्षी छोटाउदेपूरकडचा एक मुलगा होता, वर्गात तोंड न उघडणारा. फॉर्ममध्ये त्यानं लिहिलं होतं, घरी राठवी, म्हणजे तिकडच्या राठवा आदिवासींची बोली. त्याला मी मजुरांसोबत काम करणाऱ्या गटात घातलं. तिथे नाक्यावरच्या बायका त्याला त्याच्या गावाचं नाव विचारायला लागल्या, आणि दोन महिन्यांत तो कामगार कार्डाचे फॉर्म भरून द्यायला लागला. वर्गात मात्र तो तितकाच गप्प राहिला.

अंतर मोजताना नकाशावर जाऊ नका, रस्त्यावर जा. पादऱ्याकडून बसनं येणाऱ्या मुलीसाठी वाघोडियातली संस्था बडोद्याच्या पार दुसऱ्या टोकाला असते. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला तेव्हा आणंदच्या बाजूनं येणाऱ्यांचा रोजचा रस्ताच तुटला. असं काही घडलं की त्याच आठवड्यात वाटप पुन्हा बघावं, विद्यार्थी स्वतःहून सांगत नाहीत. संध्याकाळी परतीची सोय विचाराच. सकाळी शहरातून जायला शेअर रिक्षा मिळते, ईको मिळते. संध्याकाळी सहाला औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावरून परत यायला काय मिळतं, हे स्वतः एकदा उभं राहून बघितल्याशिवाय मुलीला तिथे पाठवू नये.

एक प्रश्न मी फॉर्ममध्ये लिहीत नाही, बोलताना विचारते: "असं एखादं ठिकाण आहे का, जिथे यंदा जायला नको वाटतं?" कारण विचारत नाही. कोणाच्या घरात दारू आहे, कोणाची आई मनोरुग्णालयात राहून आली आहे. ते ओझं घेऊन पहिल्याच वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात बसवलं तर मूल शिकत नाही, फक्त तग धरतं. दुसऱ्या वर्षी तेच मूल आपणहून तिथे जायला मागतं, असंही दोनदा घडलंय.

तीन पसंती लिहून घ्या, पण वचन कोणालाच देऊ नका. यादी लागल्यावर दोन दिवस रांग लागते. "मॅम, माझ्या मैत्रिणीबरोबर..." तिसऱ्या आठवड्यापर्यंत बदल नाही, सुरक्षेचं कारण सोडून. हा नियम मी यादीच्याच कागदावर खाली लिहून लावते.

आणि पालक. एका वडिलांचा फोन आला होता, "मॅडम, मुलगी शिकायला पाठवली आहे, झोपडपट्टीत फिरायला नाही." अशा फोनवर वाद घालू नये. मी म्हटलं, "काका, या शनिवारी तुम्हीच या, आपण दोघं तिथे जाऊन येऊ." ते आले. अंगणवाडीत तेडागर बेनने चहा पाजला. परत येताना ते म्हणाले, "इथे माझ्या ऑफिसातला शिपाई राहतो." पुढे फोन आला नाही.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एकदा साचा केला की दहा वर्षं पुरतो. संस्थेशी करार किंवा निदान पत्र, त्यात तास, वार, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि विद्यार्थ्याला काय काम द्यायचं नाही तेही. ओळखपत्र. अपघात विमा. हजेरीचा तक्ता, संस्थेच्या सहीसह. एका कार्डावर नंबर: ११२, महिलांसाठी १८१ अभयम्, मुलांसाठी १०९८, आणि समन्वयकाचा.

एक गोष्ट मात्र नीट वाचून ठेवा. लैंगिक छळासंबंधी यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांत कॅम्पसची व्याख्या कॉलेजच्या भिंतीपाशी संपत नाही. फील्ड ट्रिप, इंटर्नशिप, अल्पकालीन प्लेसमेंट, तिथे जाण्यायेण्याचं वाहन, हे सगळं त्यात येतं. म्हणजे संस्थेत किंवा तिथल्या कोणाकडून काही घडलं तर "ते त्यांच्याकडे घडलं" म्हणून कॉलेजच्या तक्रार समितीला हात झटकता येत नाहीत. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार तिचीही अंतर्गत समिती हवी. लहान संस्थांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. संस्था पाहायला जाल तेव्हा समितीचा फलक भिंतीवर आहे का, ते बाकावर बसल्या बसल्या बघता येतं.

पहिले दोन आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत विद्यार्थ्यांची एकच तक्रार असते, काही करायलाच देत नाहीत. बरोबर आहे, देऊ नयेच. या दिवसांत मी एकच काम सांगते: पायी फिरून वस्तीचा किंवा संस्थेचा नकाशा काढा. पाण्याचा नळ कुठे, रेशनचं दुकान कुठे, बायका दुपारी कुठे बसतात, पोरं शाळा बुडवून कुठे लपतात. दवाखान्यात असाल तर केस पेपर कोणत्या खिडकीतून कोणत्या खोलीत जातो. हा नकाशा पुढे वर्षभर उपयोगी पडतो, आणि फिरताना लोक विचारतात "कोण गं तू?", तिथून ओळख सुरू होते.

पाठवण्याआधी दोन तासांचं बसणं हवं, आणि त्यात मोबाइलवर अर्धा तास. मुलांना फोटो काढायची हौस असते आणि स्टेटसला टाकायची त्याहून जास्त. बालगृहातल्या किंवा कायद्याच्या संपर्कात आलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा ऐकवली की वर्ग शांत होतो. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ही सांगा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, "मॅम, त्या मुलीनं मला गुपित म्हणून सांगितलं" हे चालत नाही. पण विद्यार्थ्यानं एकट्यानं पोलिस चौकी गाठू नये, त्याच क्षणी संस्थेतल्या सुपरवायझरला, म्हणजे देखरेख करणाऱ्या व्यक्तीला, आणि मला फोन.

रिपोर्ट आणि शुक्रवारची आयसी

इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या बोलीतली आयसी, हा फील्डवर्कचा कणा आहे. तीच नेमकी सगळ्यात आधी रद्द होते. मीटिंग आली, नॅकची भेट आली, आयसी पुढच्या आठवड्यात. चाळीस विद्यार्थी आणि चार प्राध्यापक असतील तर एकेकाला दहा येतात. प्रत्येकी अर्धा तास धरला तर आठवड्याला पाच तास. हे पाच तास कार्यभारात लेक्चरसारखे लिहून घ्या. प्राचार्यांशी एकदा हुज्जत घालावी लागेल. घाला.

रिपोर्ट आदल्या दिवशी हातात हवा. न वाचता आयसी घेतली तर विद्यार्थी तोंडी गोष्ट सांगतो आणि आपण मान डोलावतो. वाचताना मी दोन ठिकाणी पेन्सिलीची खूण करते. एक, जिथे विद्यार्थ्यानं "जागृती केली", "समुपदेशन केलं", "प्रेरणा दिली" असं लिहिलंय. तिथे विचारते, "म्हणजे नक्की कोणतं वाक्य बोललात? ती काय म्हणाली?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मी म्हटलं मुलीला शाळेत पाठवा, तर त्या म्हणाल्या हो." मग त्या हो चा अर्थ काय, यावर उरलेला अर्धा तास जातो, आणि तो सत्कारणी लागतो. दुसरी खूण जिथे रिपोर्ट अचानक एका ओळीत उरकलाय. तिथे हमखास काहीतरी घडलेलं असतं. एका मुलानं "गृहभेट दिली, कुटुंब उपलब्ध नव्हते" इतकंच लिहिलं होतं. खोदल्यावर कळलं, दार उघडलं होतं, आतल्या माणसानं त्याची जात विचारली होती, आणि तो परत फिरला होता. त्या दिवशी आमची आयसी दीड तास चालली.

हल्ली काही रिपोर्ट फार सुबक येतात. मशिनकडून लिहून घेतलेले असतात, ते लगेच कळतं, कारण त्यात वास नसतो, आणि चुकाही नसतात. मी शिक्षा करत नाही. पुढच्या आठवड्यापासून रिपोर्ट हातानं, निळ्या शाईनं, फील्डवरून घरी पोचल्यावर त्याच रात्री. लोकांची नावं बदलूनच लिहायची, हा नियम हातानं लिहिलेल्याला आणि टाइप केलेल्याला सारखा.

सेमिस्टरमध्ये निदान दोनदा तुम्ही संस्थेत जा, एकदा सांगून आणि एकदा "इथून जात होते म्हणून आले" असं. दुसऱ्या भेटीत सुपरवायझरशी विद्यार्थ्याच्या पाठीमागे दहा मिनिटं बोला, मग विद्यार्थ्याशी सुपरवायझरच्या पाठीमागे.

बिघडतं तेव्हा

बिघडतंच. सुपरवायझर नोकरी सोडते, संस्थेचा निधी संपतो, विद्यार्थी सलग तीन दिवस गैरहजर. यासाठी दोन राखीव जागा कायम ठेवा, अशा संस्था ज्या मध्येच एक विद्यार्थी घेतील. ठिकाण बदललं तर आधीचे तास कापू नका. तो विद्यार्थ्याचा दोष नसतो.

छळाची तक्रार आली तर त्याच दिवशी विद्यार्थिनीला तिथून हलवा, लेखी तक्रार समितीकडे द्यायला मदत करा, आणि संस्थेच्या संचालकांशी "आपसात मिटवू" अशी चर्चा करू नका. तक्रार द्यायची मुदत तीन महिन्यांची असते, पण तीन दिवससुद्धा वाट बघू नये.

पुराचं वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, सोसायट्यांत छातीएवढं पाणी, आणि पाण्याबरोबर मगरी. सगळ्या विद्यार्थ्यांना मदतीला धावायचं होतं. उत्साह खरा होता, पण पुराच्या पाण्यात एकविशीतली पोरं मोकळी सोडायची नसतात. तेव्हापासून माझा नियम असा आहे: पाणी ओसरेपर्यंत फील्ड बंद, ओसरल्यावर जोडीनं, बूट घालून, संस्थेच्या माणसासोबतच. पंचनाम्याचे फॉर्म भरून देणं, औषधांची यादी करणं, शाळेची पुस्तकं वाळवणं, ही कामं भरपूर असतात. ते तास हजेरीत धरा.

गुण आणि निरोप

गुण देताना संस्थेचे किती आणि आपले किती हे जूनमध्ये लिहून द्या. संस्था सगळ्यांनाच शंभरातले नव्वद देते, कारण त्यांना पोरांशी वैर नको असतं. म्हणून आकडा मागू नका, चार प्रश्नांची उत्तरं मागा. त्यातला माझा आवडता: "ही व्यक्ती पुढच्या वर्षी तुमच्याकडे पगारावर ठेवाल का? का?" तिथे खरं बाहेर येतं.

शेवटचे तीन आठवडे निरोपाचे. ज्या आजींकडे विद्यार्थिनी दर बुधवारी जात होती, त्यांना शेवटच्या दिवशी "उद्यापासून येणार नाही" सांगणं क्रूर आहे. तीन आठवडे आधीपासून सांगायचं, पुढे कोण येईल ते सांगायचं, कोणी येणार नसेल तर तेही. अर्धवट राहिलेली कामं, म्हणजे कोणाचा विधवा पेन्शनचा अर्ज, कोणाचं दिव्यांग प्रमाणपत्र, एका कागदावर उतरवून संस्थेला द्यायची, पावती नंबरासह.

मग मी वही काढते आणि संस्थेच्या नावापुढे पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवते. यंदाच्या काही नोंदी अशा: "सुपरवायझर बेन मार्चमध्ये बाळंतपणाच्या रजेवर, मे महिन्यात विचारणे." "मुलगे चालतील, मुलींना परतीची रिक्षा पाचनंतर नाही." "दोनच द्या. तिसऱ्याला खुर्ची नाही, पण माणूस सोन्यासारखा." "शौचालयाला कडी बसवली का, बघून येणे."